शब्दचर्चा: ‘पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट’मधले ‘पॉझिटिव्ह’ नेमके कशाचे विशेषण?

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)

नमस्कार. स्वमग्न मुलांच्या पालकांचा आमचा एक गट मराठीत छोटी पुस्तिका तयार करीत आहे. मुलांच्या अवघड वर्तनाबाबत काम करण्याच्या ‘पॉझिटिव्ह बिहेविअर सपोर्ट’ या पद्धतीच्या नावासाठी आतापर्यंत ‘सकारात्मक वर्तन आधार’, ‘सकारात्मक वर्तणूक साहाय्य’ आणि ‘सद्वर्तन प्रोत्साहन’ असे पर्याय पुढे आले आहेत. मसुदा वाचून दाखवला तेव्हा एका मुलाच्या आजींनी विचारले, “म्हणजे पोराला नीट वागायला शिकवायचे, असेच ना?” यावर आमच्यापैकी कोणालाच समाधानकारक उत्तर देता आले नाही. या संज्ञेतील ‘सकारात्मक’ हे विशेषण वर्तनाचे आहे की आधाराचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. याच पुस्तिकेत ‘फंक्शन ऑफ बिहेविअर’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्यासाठी ‘वर्तनाचा हेतू’ असे लिहिणे योग्य ठरेल का, हाही प्रश्न आहे.

विशेष शिक्षिका, वाशी

ताई, आजींच्या प्रश्नाने या भाषांतराची खरी अडचण उघड केली आहे. तीन शब्द इंग्रजीच्या क्रमाने एकापुढे एक मांडले की मराठी वाचक विशेषण लगतच्या नामाला जोडतो, आणि ‘सकारात्मक वर्तन’ म्हणजे चांगले वागणे असा अर्थ घेऊन मोकळा होतो. ‘सद्वर्तन प्रोत्साहन’ तर हा गैरसमज पक्काच करून टाकते, म्हणून तो पर्याय सर्वप्रथम बाजूला ठेवावा असे मला ठामपणे वाटते.

हे विशेषण आधाराचे आहे, आणि ते कशाच्या विरोधात वापरले गेले हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ पुरता लागत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकातही बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्तींचे स्वतःला मारून घेणे किंवा इतरांना चावणे थांबवावे म्हणून विजेचा झटका देणे, तोंडावर पाणी फवारणे, नाकाशी अमोनियाचा उग्र वास धरणे असे प्रकार काही ठिकाणी उपचार या नावाखाली चालत होते. त्यांना विरोध करणाऱ्या अभ्यासकांनी जी पद्धत उभी केली तिला आरंभी ‘नॉन-अव्हर्सिव्ह’, म्हणजे क्लेश न देणारी, असे म्हटले जाई. रॉबर्ट हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९० सालच्या लेखाच्या शीर्षकातच तो शब्द आहे. पुढे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द रूढ झाला आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षणविषयक कायद्यातही तो आला. तेव्हा येथे ‘सकारात्मक’ म्हणजे दंडाचा, भीतीचा आणि वेदनेचा आश्रय न घेणारा, असा अर्थ आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, हेही पुस्तिकेत जरूर लिहावे. कारण ‘एक धपाटा घातला की सरळ होईल’ असे सांगणारे लोक पालकांना घरात, इमारतीत आणि कधीकधी वर्गाच्या दारातही भेटतात.

म्हणून ‘वर्तनासाठी सकारात्मक आधार’ अशी रचना मी सुचवते. ती किंचित लांब आहे, परंतु विभक्तिप्रत्यय लावल्यामुळे कोणता शब्द कोणाशी जोडायचा याची शंका राहत नाही. ‘साहाय्य’ सरकारी अर्जातले वाटते, तर ‘मदत’ प्रसंगापुरती असते. ‘आधार’ टिकाऊ असतो, आणि तो मुलाइतकाच आईवडिलांना, भावंडांना व आजीआजोबांनाही द्यायचा असतो. या पद्धतीत आधी बदलायचे असते ते मुलाभोवतीचे वातावरण, दिनक्रम आणि मोठ्यांचे वागणे. मूल त्यानंतर जे नवे शिकते ते त्याच्या सोयीचे असावे लागते, केवळ आपल्या सोयीचे नव्हे. आजींना एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

आता ‘हेतू’विषयी. हा शब्द कृपया वापरू नये. मराठीत हेतू माणसाच्या मनात असतो आणि तो बहुधा जाणूनबुजून धरलेला असतो. त्यामुळे ‘ताट फेकण्यामागचा हेतू’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात लगेच ‘म्हणजे मुद्दाम करतो’ असे येते, आणि ज्या समजुतीपासून पालकांना दूर न्यायचे तिथेच आपण त्यांना परत नेऊन सोडतो. ‘प्रयोजन’ हा शब्द अधिक योग्य आहे, कारण ते कृतीचे असते आणि करणाऱ्याला त्याची जाणीव असलीच पाहिजे असे नाही. बोलताना मी पालकांना इतकेच विचारते की, असे वागल्याने त्याला काय मिळते, किंवा त्याची कशातून सुटका होते? ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या वर्तनाचा अभ्यास याच दिशेने केला. कोणाचे तरी लक्ष मिळणे, नकोशा कामातून वा जागेतून सुटणे, हवी ती वस्तू मिळणे आणि शरीराला हवी असलेली संवेदना मिळणे ही चार प्रयोजने आज सर्वसाधारणपणे मानली जातात. मात्र त्यांच्याही आधी दाढदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता आणि अपुरी झोप यांची चौकशी व्हायला हवी. बोलता न येणारे मूल अचानक डोके आपटू लागले, तर पहिली भेट डॉक्टरांची.

नोंदी ठेवण्याबाबत एक आग्रह आहे. ‘आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय घडले’ अशा तीन रकान्यांच्या तक्त्यात मधल्या रकान्यात विशेषण येऊ देऊ नये. ‘आक्रमक झाला’, ‘हट्टीपणा केला’ हे लिहिणाऱ्याचे मत झाले; ‘उजव्या हाताने आईचे केस ओढले’ ही नोंद झाली. मतावरून उपाय सापडत नाही, नोंदीवरून सापडू शकतो.

पालक, कोपरखैरणे

बाईंनी नोंदीविषयी लिहिले आहे त्याला जोडून आमच्या घरचे उदाहरण देते. माझ्या मुलाची वाचा-उपचाराची वेळ ठाण्यात असते आणि परतताना आम्ही ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल धरतो. काही दिवस तो शांतपणे डब्यात चढत असे, तर काही दिवस दाराशीच जमिनीवर आडवा होऊन किंचाळत असे, आणि मागची गर्दी ‘लाडावून ठेवलाय’ असे ऐकवत असे. गर्दी, उकाडा, भूक, थकवा असे सगळे अंदाज आम्ही करून पाहिले. शेवटी शिक्षिकेने सांगितल्यावरून मी तारीख, वेळ आणि कोणती गाडी हे वहीत लिहू लागले. पाने उलटून पाहताना लक्षात आले की, तो आडवा पडे तेव्हा प्रत्येक वेळी समोरची गाडी पनवेलची किंवा नेरूळची होती. वाशीच्या गाडीत तो कधीच अडला नव्हता. आम्हाला उतरायचे असते कोपरखैरण्याला आणि दोन्ही गाड्या तिथे थांबतात, कारण फाटा तुर्भ्यानंतर फुटतो. आमच्या लेखी दोन्ही गाड्या सारख्याच होत्या. तो मात्र फलाटावरचा इंडिकेटर वाचत होता, आणि ‘वाशी’ हे नाव दिसले नाही तर आपण घरी जात नाही, असे त्याला वाटत होते. त्याला वाचता येते हेही आम्हाला तेव्हाच कळले.

पुढे आम्ही स्थानकांची चित्रपट्टी केली: ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, आणि शेवटी घराचा फोटो. पट्टीच्या वरच्या टोकाला वाशी आणि पनवेल ही दोन्ही नावे लिहिली. सोबत ‘ही नको, पुढची’ असे एक कार्ड दिले. सुरुवातीला तो ते कार्ड जवळजवळ रोज दाखवी आणि आम्ही निमूटपणे पुढच्या गाडीची वाट पाहत असू, कारण कार्ड दाखवूनही गाडीत कोंबले तर कार्डाला अर्थ उरत नाही, असे शिक्षिकेने बजावले होते. आता तो पनवेलच्या गाडीतही बसतो. सासऱ्यांना सुरुवातीला हे लाड वाटत होते. आज पट्टीवर बोट ठेवून स्थानके म्हणून घेण्याचे काम त्यांनीच आपणहून घेतले आहे. ‘आधार’ हा शब्द मला म्हणूनच योग्य वाटतो.

मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, नौपाडा, ठाणे

या ताईंनी दिलेले उदाहरण पाठ्यपुस्तकात असावे इतके चोख आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये हेच तत्त्व वर्गात पडताळून पाहिले होते. काम अवघड झाले की गोंधळ घालणाऱ्या मुलांना ‘मला समजत नाही’ असे म्हणायला, तर लक्ष हवे असणाऱ्यांना ‘मी बरोबर करतोय का?’ असे विचारायला शिकवल्यावर त्यांचा गोंधळ कमी झाला. त्या मुलाच्या गरजेशी न जुळणारे वाक्य शिकवले तर मात्र फरक पडला नाही. म्हणजे शब्द कोणताही चालत नाही. तो मूळ वर्तनाच्या प्रयोजनाची जागा घेणारा असावा लागतो.

पुस्तिकेत आणखी एका ठिकाणी घोटाळा संभवतो. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘रिइन्फोर्समेंट’साठी, म्हणजे वर्तनानंतर जे घडते त्यामुळे ते वर्तन वाढणे यासाठी, ‘प्रबलन’ हा शब्द स्थिरावला आहे आणि ‘सकारात्मक प्रबलन’ असाही प्रयोग आढळतो. तेथे मात्र ‘सकारात्मक’चा अर्थ ‘काहीतरी देऊन, भर घालून’ एवढाच आहे. ‘नकारात्मक प्रबलन’ म्हणजे दंड नव्हे, तर नकोसे काहीतरी दूर झाल्यामुळे वर्तन वाढणे होय. गृहपाठाची वही समोर येताच मूल किंचाळले आणि वही उचलून नेली गेली, तर किंचाळण्याचे नकारात्मक प्रबलन झाले. एकाच पुस्तिकेत हे विशेषण दोन निराळ्या अर्थांनी येणार असेल, तर प्रबलनासाठी ‘धन’ व ‘ऋण’ ही विशेषणे वापरावीत आणि ‘सकारात्मक’ हा शब्द आधारासाठी राखून ठेवावा.

‘प्रबलन म्हणजे लाचच ना?’ असे पालक नेहमी विचारतात. रडणे थांबावे म्हणून रडत असतानाच हातात मोबाइल दिला, तर ती लाच झाली आणि बळ रडण्याला मिळाले. मुलाने खुणेने मागितल्यावर वस्तू दिली, तर बळ मागण्याला मिळाले. प्रबलन देणाऱ्याच्या इच्छेवरून ठरत नाही. नंतर ते वर्तन वाढले की नाही यावरून ठरते. त्यामुळे ज्या मुलाला दिवसभर कोणाचे लक्ष मिळत नाही, त्याला रागावणे हेही प्रबलन ठरू शकते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘वर्तनासाठी सकारात्मक आधार’ आणि ‘प्रयोजन’ हे दोन्ही शब्द आम्ही घेत आहोत. आणखी तीन शब्द अडले आहेत. ‘चॅलेंजिंग बिहेविअर’ला ‘आव्हानात्मक वर्तन’ म्हणावे का? ‘मेल्टडाउन’ला मराठीत काय म्हणावे? आणि हात फडफडवणे, गोल फिरणे, एकच आवाज काढणे यांना पालक ‘चाळे’ म्हणतात, ते तसेच ठेवावे का?

विशेष शिक्षिका, वाशी

‘आव्हानात्मक वर्तन’ ऐकले की मूल आपल्याला आव्हान देत आहे असे चित्र उभे राहते. ब्रिटनमध्ये ही संज्ञा रूढ झाली तेव्हा तिचा रोख नेमका उलट होता: हे वर्तन सेवा देणाऱ्यांपुढचे आव्हान आहे, व्यक्तीच्या अंगचा दोष नाही. ‘आव्हान ठरणारे वर्तन’ असे लिहिल्यास तो रोख बऱ्याच अंशी टिकतो.

‘मेल्टडाउन’साठी मी ‘अनावर होणे’ वापरते. ‘थयथयाट’, ‘आकांडतांडव’, ‘भोकाड पसरणे’ हे शब्द हट्टाला शोभतात. हट्ट करणारे मूल मध्येच आपल्याकडे पाहते, आणि हवे ते मिळाले की बहुधा थांबते. अनावर झालेले मूल आवाज, प्रकाश, गर्दी किंवा अनपेक्षित बदल यांचा भार सहन न होऊन कोसळलेले असते. त्या वेळी खाऊ पुढे केला तरी उपयोग होत नाही आणि समजावणेही पोहोचत नाही. गणपतीत ढोलताशाचे पथक इमारतीखाली आले असता आमचे एक मूल मोरीत शिरून कान दाबून ओरडत राहिले होते. तेथे शिकवणे नव्हे, तर दार लावून घेणे, दिवा मालवणे आणि कमीत कमी बोलणे, हाच आधार असतो. पुढच्या वर्षीसाठी पथकाची वेळ मंडळाकडून आधी विचारून ठेवणे, हा त्या मुलासाठी आखलेल्या आधार-आराखड्याचा भाग होय.

‘चाळे’ मात्र काढून टाकावा. मराठीत तो शब्द निंदेचाच आहे आणि पाहुण्यांसमोर तो उच्चारला की मूल तो ऐकत असते. वयाने मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी लिहिले आहे की, अशा हालचालींनी त्यांचे मन स्थिर राहते आणि त्या बळाने थांबवल्याने त्यांना फार त्रास झाला. इजा होत नसेल, तर हात फडफडवणे हे आधार-आराखड्याचे लक्ष्य असूच नये. चांगले दिसावे म्हणून मुलाचे हात धरून ठेवणे दंडापासून फार दूर नाही, आणि त्याला ‘सकारात्मक’ म्हणणे मला मान्य नाही. पुस्तिकेत ‘स्वतःला शांत करणाऱ्या हालचाली’ असे लिहावे. अहवालात मात्र कोणतेच नाव न देता ‘हात फडफडवतो’ एवढेच लिहावे, आणि कधी, कुठे, किती वेळ ते पुढे नोंदवावे.