कामाच्या ओळखी ढीगभर, गप्पा मारायला कोणी नाही

वाटसरू: नोकरीसाठी पुण्यात आलोय. फोनमधले सगळे नंबर कुठल्या ना कुठल्या कामाचे. नुसतं बरं वाटतं म्हणून भेटावीत अशी माणसं निवडायची कशी? आणि मैत्री जमायला किती वेळ धरायचा?

जुना_खडू: कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचा हिशोब मांडलाय. जुजबी मैत्रीला साधारण 50 तास, मित्र म्हणण्याइतपत 90, जिवलग व्हायला 200 च्या वर. मेख अशी की ऑफिसात शेजारी बसून केलेल्या कामाचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. टवाळक्या आणि गप्पांचे पडतात. आठवड्याला दोन तास म्हटले तर 90 ला 45 आठवडे लागतात, तेव्हा दोन भेटींत 'जमत नाही' म्हणून मोकळे होऊ नका. निवडताना एवढंच बघा: उद्या त्याची खुर्ची गेली तरी त्याला फोन कराल का?

ठेचा_भाकरी: तास मोजत बसलात तर तेही नेटवर्किंगच की! त्यापेक्षा वार ठरवा. 'भेटू कधीतरी'नेच घात होतो. रविवारी सकाळी पर्वती चढायची, उतरल्यावर चहा-पोहे. चालता चालता बोलणं होतं. सिनेमात तीन तास जातात आणि बोलणं शून्य. चौघांच्या वर नको. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं निरीक्षण आहे की त्यापुढे गप्पांचे दोन गट पडतात. एखादा आला नाही तरी बाकीच्यांनी जायचंच, एकदा मोडलेला वार परत बसत नाही. खर्च टीटीएमएम. एकच जण कायम बिल द्यायला लागला की दुसरा मिंधा होतो.

तांबडी_माती: मित्राचा उपयोग झाला म्हणून मैत्री बाटत नाही. घर बदलताना टेम्पोत कपाट चढवायला मित्रच लागतात. त्रास असतो तो पॉलिसी नाहीतर साखळीची स्कीम गळ्यात मारणाऱ्यांचा. अशाला एकदाच सांगायचं, "पॉलिसी घेणार नाही, चहाला ये." त्यानंतरही आला तर माणूस ठेवण्यासारखा आहे. उसने देताना बुडाले तरी चालतील एवढेच द्या.

आणि करिअरसाठी जवळीक वाढवायची गरजच नसते. नोकरीची खबर बहुतेक वेळा लांबच्या ओळखीतून येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच मांडलंय. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं.

वाटसरू: रविवारी शिफ्ट असते. बुधवारी रात्री जेवणानंतर भेटलं तर?

ठेचा_भाकरी: जेवणानंतर नको, सकाळच्या ऑफिसमुळे सगळे घड्याळ बघत बसतात. सातला भेटा, जेवण तिथेच उरका.