मदत हवी आहे: तिसऱ्यांच्या (खाडीतल्या शिंपल्यांच्या) गुणसूत्रांवर हिरवे ठिपके ओळखता येत नाहीत
रत्नागिरीच्या खाडीतील तिसऱ्यांच्या कल्ल्यांमधून गुणसूत्रे मिळवून त्यांवर 'फिश' पद्धतीने (चमकणारा रंग लावलेला डीएनएचा तुकडा, म्हणजे प्रोब, जुळणाऱ्या जागी चिकटवून) १८एस राइबोसोमल जनुकाची (प्रथिने बनवणाऱ्या राइबोसोमच्या एका घटकाच्या जनुकाची) जागा दाखवण्याचा माझा प्रयत्न आहे. मिथेनॉल व ॲसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात पेशी स्थिर करून, ७० टक्के फॉर्मामाइडमध्ये ७२ अंश सेल्सिअसला डीएनएचे धागे विलग केल्यावर फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग लावलेला प्रोब ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो; डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या द्रव्याचा निळा रंग स्वच्छ येतो, परंतु प्रोबचे ठिपके पेशीद्रवाच्या मूळच्याच हिरवट चमकेत हरवतात. पेशीद्रवातील प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनची प्रक्रिया वाढवावी, की साय-५ सारखा दूरच्या लाल पट्ट्यातला रंग घ्यावा? मला दुसरा मार्ग अधिक पटतो, मात्र तो रंग डोळ्यांना जवळजवळ दिसत नसल्याने योग्य फिल्टर आणि संवेदनशील कॅमेरा लागेल. शिंपल्यांच्या गुणसूत्रांवर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.