वजन हळू वाढतंय म्हणून लगेच डब्याचं दूध? माझा तरी विरोध

मुक्काम_माहेर: वहिनीची मुलगी दोन महिन्यांची झाली, फक्त अंगावर पिते. जन्मतः २.८ किलो, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २.६, आता ४. घरात रोज एकच रेकॉर्ड, शेजारणीचं बाळ बघा कसं गुटगुटीत, हिला दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. त्यात कधी चार दिवस शी नाही तर कधी दिवसभर हिरवी फेसाळ, पाय पोटाशी घेऊन रडते. माझं म्हणणं, हिशोब जन्मवजनापासून धरूच नका, पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळं थोडी उतरतातच. २.६ पासून धरलं तर रोजचे जवळपास २५ ग्रॅम होतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत २५-३० ठीक मानतात. मग डबा कशाला?

रात्रपाळी_बाबा: सरासरीवर जाऊ नका हो. गेल्या पंधरा दिवसांत किती वाढलं ते सांगा आधी.

मुक्काम_माहेर: २०० ग्रॅम.

रात्रपाळी_बाबा: म्हणजे रोजचे १३-१४. हेच म्हणत होतो! आमच्याकडे पण सगळे धीर धरा धीर धरा करत होते, बायको तासतास घेऊन बसायची, बाळ छातीवरच झोपायचं आणि खाली ठेवलं की पुन्हा टाहो, शेवटी डॉक्टरांना विचारून रात्रीचं एक फीड पावडरचं दिलं आणि दोघी झोपल्या. पावडर म्हणजे विष नाही. आईच्या झोपेची कुणाला पडलेलीच नसते.

सातारची_मावशी: इतकं गणित कशाला. गुटी द्या, मुरडशेंग, वेखंड, हिरडा, सहाणेवर दोन दोन वळसे, मधातून चाटवायची. आणि बाळंतिणीला अळिवाची खीर. आमची चारही पोरं यावरच वाढली.

अंगणवाडी_रोड: मावशी, खीर खुशाल द्या पण मध अजिबात नको, वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंमुळे होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो, आणि सहा महिने तर पाणीसुद्धा द्यायचं नसतं, सहाणेवरचं कुठून आलं. सहा आठवड्यांनंतर अंगावरच्या बाळाला चार-पाच दिवस शी नाही झाली आणि झाली तेव्हा मऊ असली तर ते बद्धकोष्ठ नव्हे.
हिरव्या फेसाळ शीचं मात्र बघा. वहिनी पाच-सात मिनिटांत बाजू बदलते का? सुरुवातीचं दूध पातळ असतं, स्निग्धांश पुढे पुढे वाढतो. बाळ नुसतं पातळच पीत राहिलं की दुधातली साखर जास्त जाते, गॅस होतो, वजनही रेंगाळतं. एक बाजू नीट रिकामी होऊ दे, मग दुसरी. आणि पकड बघा, तोंड मोठ्ठं उघडलेलं, हनुवटी छातीत रुतलेली, गिळल्याचा आवाज यायला हवा. पिऊन झाल्यावर निपल नव्या लिपस्टिकसारखं तिरकं चपटं दिसत असेल तर पकड चुकतेय. डबा सुरू केला की अंगावर ओढणं कमी, म्हणून दूध अजून कमी, हे चक्र मी गावात रोज बघते.

रात्रपाळी_बाबा: ताई, पटलं, पण पकड सुधारेपर्यंत बाळाने उपाशी राहायचं का?

अंगणवाडी_रोड: उपाशी कोण म्हणतंय? पाजून झालं की हाताने दूध काढायचं आणि तेच बोंडल्याने द्यायचं, त्यात शेवटचं घट्ट दूधही येतं. शू दिवसाला सहापेक्षा कमी असेल, शीत रक्त असेल, हिरवी उलटी झाली किंवा बाळ मलूल वाटलं तर मात्र हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

मुक्काम_माहेर: शू भरपूर आहे. बाजू मात्र खरंच घड्याळ लावून बदलतात, सासूबाईंनी दहा मिनिटं ठरवून दिलीत 🤦 आजपासून घड्याळ बंद.

रात्रपाळी_बाबा: बालरोगतज्ज्ञांना एकदा याच आठवड्यात दाखवा, जीभ खाली चिकटलेली नाही ना तेही बघतील. आणि पुढच्या आठवड्यात त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. तरी १४ वरच अडकलं तर मी परत डबाच सांगणार, मग ताई कितीही रागावल्या तरी.