माकडांचं फोकल सॅम्पलिंग: दिसेनासं झालेलं माकड मोजायचं कसं?

एमएससी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळ एका आंबा-काजूच्या बागेतल्या लाल तोंडाच्या माकडांचं (मकाका रेडिएटा; काळ्या तोंडाचे वानर नव्हेत) वर्तन नोंदवतो आहे. कळपात २३ जण. त्यातली ९ कानाच्या फाटीवरून, तुटक्या शेपटीवरून ओळखता येतात, बाकी सगळी सारखीच.

प्राणी-वर्तन अभ्यासक जीन ऑल्टमन यांच्या निरीक्षण-पद्धतींवरच्या १९७४ च्या पेपरप्रमाणे १० मिनिटांचं फोकल सॅम्पल घेतो, म्हणजे एकच माकड निवडून तेवढा वेळ त्याचंच वर्तन नोंदवतो. पण चौथ्या-पाचव्या मिनिटाला माकड कलमाच्या दाट पानांत शिरतं आणि गायब. त्यातून राखणदार गोफण घेऊन आला की सगळा कळपच पांगतो. (त्याची चूक नाही, पोटाचा प्रश्न आहे.)

दर १५ मिनिटांनी स्कॅन (त्या क्षणी दिसणारं प्रत्येक माकड काय करतंय याची नोंद) करून पाहिलं. त्यात जमिनीवर खाणारी माकडंच जास्त भरतात, झाडावर ऊ काढत बसलेली सुटतात. सॅम्पल ५ मिनिटांचं केलं, तर ऊ काढण्याचा पूर्ण कालावधी हाती येत नाही, आणि मला तोच हवाय.

निरीक्षक मी एकटाच, दुर्बीण ८×४२, पावसाआधी दोन महिने हातात. खाऊ घालणं, पकडून खूण करणं चालणार नाही. व्हिडिओ काढला, पण पानांपुढे कॅमेराही हरतो.

अर्धवट सॅम्पल टाकून द्यावं, की 'दिसत नाही' ही वेळ वेगळी नोंदवून फक्त दिसलेल्या वेळेवर टक्केवारी काढावी? तसं केलं तर किमान किती मिनिटं दिसलेलं सॅम्पल धरता? आणि न ओळखता येणाऱ्या १४ जणांना नर-मादी-पिल्लू अशा गटांत मोजलं तर परीक्षक मान्य करतात का?