मदत हवी आहे : स्टॅलिनग्राडच्या गेममध्ये रणगाडे मधेच थांबतात, रविवारच्या आत उत्तर हवं

षटकोन_धरमपेठ | गुरुवार, रात्री १०:५०

नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. आमचे रणगाडे चौथ्या-पाचव्या टर्नला जागच्या जागी थांबतात. आधी सोंगटीवर एक खूण येते, मग हल्ला करता येत नाही, मग हलतही नाहीत. समोर एकच रशियन डिव्हिजन, तीही अर्धमेली, आणि आमच्या तीन पँझर डिव्हिजन तिच्यापुढे नुसत्या उभ्या. गेम दोनदा काढून परत टाकला. तेच होतं. हा बग आहे का, आणि घालवायचा कसा?

आम्ही तिघं (मी, माझा चुलतभाऊ आणि शेजारचे काका) १९९१ पासून बोर्डावर युद्धं खेळतो. षटकोनांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासा. दर रविवारी मागच्या खोलीत. मे महिन्यात दरवर्षी एकच पंचाईत : कूलर लावला की सोंगट्या उडतात. मागच्या वर्षी अख्खी रोमानियन सेना दिवाणाखाली गेली होती. त्यात दमट हवेनं नकाशा फुगतो, घड्यांपाशी वर येतो. आणि कूलर बंद करून ४५ डिग्रीत कोण बसेल? या वर्षी भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर हा गेम टाकून दिला. पहिला तासभर आम्ही कोणी बोललोच नाही. षटकोन तसेच, सोंगट्या तशाच, झेडओसी (शेजारच्या षटकोनांत शत्रूला अडवण्याचा नियम) तसाच. हल्ल्याआधी दोन्हीकडचं नुकसान किती होईल त्याचा अंदाजही समोर दिसतो. कॉम्प्युटरवरचं काही तिघांना एकदम आवडलं, असं इतक्या वर्षांत प्रथमच झालंय. म्हणून हे अडकणं सहन होत नाही. रविवारी सकाळी ९ ला बसायचंय.

बर्डीचा_पोरगा | रात्री ११:०५

भाऊ, कोणता गेम ते तर सांगा! स्टॅलिनग्राडवर ढीगभर गेम आहेत. आणि तुम्ही जर्मन खेळून राहिले का रशियन?

मशीन_मेकॅनिक | रात्री ११:१२

नागपुरात मे महिन्यात लॅपटॉप अडकतो तो नव्वद टक्के गरम होऊन. मागची जाळी ब्रशनं साफ करा, थर्मल पेस्ट बदला, खाली स्टँड ठेवा. गादीवर ठेवून खेळत असाल तर आजच बंद करा. माझ्याकडे या महिन्यात आलेल्या मशिनींत धूळ आणि कापूसच निघतोय.

षटकोन_धरमपेठ | रात्री ११:२०

लॅपटॉप टेबलावर आहे आणि व्यवस्थित चालतो. फक्त रणगाडे थांबतात. पायदळ चालतं. जर्मन बाजू आहे हे लिहिलंच आहे, पँझर म्हटलं ना. नाव भाच्याला विचारून सांगतो.

षटकोन_धरमपेठ | शुक्रवार, सकाळी ७:४०

युनिटी ऑफ कमांड. पहिला, दुसरा नव्हे.

पुठ्ठा_आणि_फासा | सकाळी ८:१५

तीन दशकं बोर्डावर खेळलेल्या माणसांनी कॉम्प्युटरच्या हातात का जावं हे मला समजत नाही. कूलरचाच प्रश्न असेल तर व्हॅसल नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे. मुळात अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर हा बोर्ड गेम ऑनलाइन खेळता यावा म्हणून तयार झालं, आता शेकडो बोर्ड गेम त्यावर आहेत. तोच नकाशा, त्याच सोंगट्या पडद्यावर. तुमचा बोर्ड गेम कोणता?

षटकोन_धरमपेठ | सकाळी ८:३०

द रशियन कॅम्पेन, अ‍ॅव्हलॉन हिलचा. काकांच्या मेहुण्यांनी बाहेरून आणला होता. पण प्रश्न तो नाही.

पुठ्ठा_आणि_फासा | सकाळी ८:४४

वा! १९७४ चा मूळ ऑस्ट्रेलियन गेम, १९७६ ला अ‍ॅव्हलॉन हिलनं काढला. एक टर्न म्हणजे दोन महिने, आणि एका टर्नमध्ये दोनदा चाल. स्टुकाची (जर्मन बॉम्बफेकी विमानाची) सोंगटी लावली की ऑड्स, म्हणजे दोन्हीकडच्या ताकदीचं गुणोत्तर, तीन कॉलम वर. इतका सुंदर गेम सोडून लॅपटॉप कशाला? पेटी कधी विकायची असेल तर आधी मला कळवा. सोंगट्या पूर्ण आहेत का?

एल्फ_सेनापती | सकाळी ९:१०

बॅटल फॉर वेसनॉथ खेळून बघा. २००३ पासून चालू आहे, पूर्ण मोफत, जुन्या मशीनवरही पळतो. षटकोन आहेत, झेडओसी आहे, आणि दिवस-रात्र आहे : काही सैनिक दिवसा २५ टक्के जास्त मारतात आणि रात्री तितकंच कमी, काहींचं उलट. एका लॅपटॉपवर तिघं आळीपाळीनं एकमेकांविरुद्ध खेळू शकता. मी आणि माझी बहीण सहा वर्षं खेळतोय. तुमच्या गेममधली अडचण तिथे येणारच नाही.

पुठ्ठा_आणि_फासा | सकाळी ९:२५

त्यातला फासा दिसत नाही. जो दिसत नाही तो फासा खरा कसा मानायचा? वेसनॉथ मीही खेळलोय. ६० टक्के लागण्याची शक्यता आणि सलग चार वार हुकले.

एल्फ_सेनापती | सकाळी ९:३८

४० टक्के हुकण्याची शक्यता चार वेळा गुणा. अडीच टक्क्यांच्या वर येते, म्हणजे साधारण चाळीसात एकदा. एका लढाईत असे वार शेकड्यानं होतात, मग ते घडणारच. तुमच्या बोर्डावरही सलग चार वेळा एक पडतो, तेव्हा तुम्ही फाशाला दोष देत नाही.

बर्डीचा_पोरगा | सकाळी ९:४५

धागा कुठे चालला? त्या भाऊंना रविवारी खेळायचंय. कोणी युनिटी ऑफ कमांड खेळलंय का?

रात्रपाळी | दुपारी २:२०

मी खेळलेय. दवाखान्यात रात्रपाळी असते, सकाळी झोप येईपर्यंत हाच गेम खेळते. हा बग नाही. षटकोन_धरमपेठ, तीन गोष्टी सांगा : कोणती लढाई? पुरवठ्याचा नकाशा उघडून पाहिला का? रणगाड्यांच्या मागे रेल्वेलाइनवर किंवा तिच्या शेजारी एखादी शत्रूची तुकडी शिल्लक आहे का?

षटकोन_धरमपेठ | दुपारी २:५०

खारकोव्हची लढाई जिंकलो. त्याच्या पुढची मोहीम, वोरोनेझकडे जायची. मागे काही नाही. एक रशियन पायदळ रेल्वेच्या फाट्याजवळ वेढलेलं आहे, ते मेल्यात जमा आहे, म्हणून सोडून पुढे गेलो. त्याचा रणगाड्यांशी काय संबंध? रणगाडे तिथून सात-आठ षटकोन पुढे आहेत. पुरवठ्याचा नकाशा म्हणजे काय?

रात्रपाळी | दुपारी ३:१५

दादा, तोच संबंध आहे. नीट वाचा.

या गेममध्ये पुरवठा नकाशाच्या कडेच्या उगमापासून निघतो, रुळावरून पुढे येतो, आणि रुळापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत पसरतो. मैदानात लांब, जंगल-दलदलीत कमी. रुळावर शत्रू उभा असेल, किंवा रूळ त्याच्या झेडओसीत असेल, तर तिथून पुढे काही जात नाही. तुमचं ते मेल्यात जमा झालेलं पायदळ नेमकं फाट्यावर बसलंय. त्याच्यात हल्ल्याची ताकद नसेल, पण ते उभं आहे एवढं पुरे. पुढच्या रणगाड्यांना पेट्रोल, दारूगोळा काहीच मिळत नाही. पहिल्या टर्नला फारसं जाणवत नाही, नंतर हल्ला जातो, मग चाल जाते. तुम्ही लिहिलेला क्रम तोच आहे. पायदळ चालतंय कारण ते मागे आहे, त्याला पुरवठा मिळतोय.

आता करायचं असं : पुढचे रणगाडे विसरा. मागच्या पायदळानं तो फाटा आधी मोकळा करा, विमानं तिथेच वापरा. फाटा सुटला की पुरवठ्याचा नकाशा उघडा, रंग पुढे सरकलेला दिसेल. मीही सुरुवातीला अशीच एक पूर्ण मोहीम घालवली होती, पहाटेपर्यंत जागून.

बर्डीचा_पोरगा | दुपारी ३:२२

नवीन लढाई सुरू करा भाऊ, टर्न मोजके असतात त्यात. चार टर्न उभे राहण्यात गेले तर वेळेवर पोहोचून नाही राहिले तुम्ही.

रात्रपाळी | दुपारी ३:३०

मी सहमत नाही. हरले तरी हीच पुढे खेळावी. फाटा सोडवल्यावर काय होतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की परत चूक होत नाही.

नॅरोगेज_निवृत्त | संध्याकाळी ५:४०

रेल्वेचा विषय निघाला म्हणून लिहितो. खऱ्या मोहिमेतही जर्मनांची गाडी रुळावरच अडकली होती. रशियाचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) तेव्हा १५२४ मिमी, युरोपचा १४३५. फरक फक्त ८९ मिमी, पण जर्मन डबा रशियन रुळावर जात नाही. मैलोन्मैल एक रूळ उपटून आत सरकवून परत ठोकत जावं लागलं. १९४२ च्या उन्हाळ्यात डॉनच्या वळणाकडे जाताना त्यांच्या सहाव्या सेनेचे रणगाडे पेट्रोलवाचून उभे राहिले होते.

आपल्याकडे हे इतवारीला पाहायला मिळायचं. एका बाजूला ब्रॉडगेज १६७६, दुसऱ्या बाजूला छिंदवाडा-नागभीडची नॅरोगेज ७६२. माल या डब्यातून त्या डब्यात हमालांच्या पाठीवरून जायचा. भर उन्हात पोती मोजत मी तिथे उभा राहिलोय. एका डब्याला किती वेळ लागतो ते पाहिलेल्या माणसाला सैन्य का थांबतं हे समजावून सांगावं लागत नाही. मुलांना मोतीबागेचं नॅरोगेज म्युझियम जरूर दाखवा.

अटकेपार | संध्याकाळी ६:३०

इतक्या लांब रशियात कशाला जाता? पानिपत घ्या. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला, धान्यसाठा हाती लागला, आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला. भाऊसाहेबांचा दिल्लीचा रस्ता तुटला. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले. छावणीत उपासमार झाली तेव्हा १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडून लढावं लागलं. लढाई एका दिवसाची, पण ती हातची गेली आधीच्या अडीच महिन्यांत. याचा असा पुरवठ्याचा गेम कोणी केला तर मी पहिला घेईन.

एल्फ_सेनापती | संध्याकाळी ६:४८

वेसनॉथमध्ये स्वतःचा नकाशा बनवता येतो. सीताबर्डीची १८१७ ची लढाई करू शकतो. दोन टेकड्या, मोठी आणि लहान. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाली, दुसऱ्या दिवशी लहान टेकडी अरबांनी घेतली होती.

अटकेपार | संध्याकाळी ६:५५

करा. मी नकाशाला मदत करतो. पण वेसनॉथमध्ये रसद नाही, मग पानिपत कसं होणार?

षटकोन_धरमपेठ | रात्री ९:३०

रात्रपाळी ताई, मनापासून आभार. भावाशी आणि काकांशी बोललो. एक गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची वाटली नाही. आम्ही बोर्डावर रसदीचा नियम कधीच खेळलो नाही. १९९१ मध्ये पहिल्या रविवारी वेळ पुरेना, म्हणून काका म्हणाले हे पान पुढच्या वेळी. ते पान तसंच राहिलं.

पुठ्ठा_आणि_फासा | रात्री ९:४१

म्हणजे तीन दशकं तुम्ही तो गेम खेळलाच नाही! रसद काढली तर रशियन कॅम्पेनमध्ये हिवाळ्याला अर्थ काय उरतो? वेढा घालून फायदा काय?

षटकोन_धरमपेठ | रात्री ९:५०

वेढा आम्ही घालत नव्हतो. सरळ समोरून हल्ला, स्टुका, फासा. त्यातही आम्हाला अपार आनंद मिळालाय, तो कमी होता असं मी म्हणणार नाही. पण तुमचं म्हणणं आज पटतंय.

रात्रपाळी | रात्री १०:०५

पुठ्ठा_आणि_फासा, म्हणून तर इथे कॉम्प्युटरचा उपयोग झाला. व्हॅसलवर नियम आपणच पाळायचे असतात. तिथे त्यांनी ते पान आणखी तीस वर्षं उघडलं नसतं. हा गेम नियम वगळू देत नाही.

पुठ्ठा_आणि_फासा | रात्री १०:२०

हे मान्य. बोर्डाचं प्रेम कायम, पण हे मान्य.

षटकोन_धरमपेठ | रविवार, दुपारी १:१५

सकाळी ९ ला बसलो. बर्डीच्या पोराचं न ऐकता तीच लढाई पुढे खेळलो. दोन टर्न सगळं बळ फाट्यावर लावलं. तिसऱ्या टर्नला ते पायदळ संपलं आणि पुरवठ्याचा नकाशा उघडला, तर रंग रुळावरून सरकत थेट रणगाड्यांपर्यंत गेलेला. भाऊ खुर्चीवरून उठून उभाच राहिला. त्याच्या पुढच्या टर्नला तिन्ही डिव्हिजन चालल्या. वेळ गेला होता, वोरोनेझ उशिरा पडलं, मोहिमेचे गुण कमी मिळाले. चालेल.

काकांचं वेगळंच. ते ७४ वर्षांचे आहेत, लॅपटॉपला हात लावत नाहीत, मागे बसून सांगतात. आज लढाई संपल्यावर घरी गेले आणि जुन्या पेटीतलं नियमांचं पुस्तक घेऊन परत आले. रसदीचं पान अजून कोरं करकरीत आहे, बाकी पानांवर चहाचे डाग. कूलर बंद करून पंख्याखाली नकाशा अंथरला, चार सोंगट्या मांडल्या आणि रुळावर बोट ठेवून मागे कडेपर्यंत मोजत बसले. घामानं बोट नकाशाला चिकटत होतं. मी दोनदा जेवायला हाक मारली.

जून लागला की पाऊस येतो, कूलर बंद होईल. तेव्हा पुठ्ठ्यावर रसदीसकट पहिल्यापासून खेळायचं ठरलंय. तोवर लॅपटॉप. पुठ्ठा_आणि_फासा, पेटी विकायची नाही.

आता पुढचा प्रश्न. नव्या लढाईत नदीवरचा पूल उडालाय आणि पलीकडचे रणगाडे परत तेच करतायत. काका विचारतात, पूल दुरुस्त होतो की दुसरीकडून वळसा घ्यायचा? संध्याकाळी ५ ला परत बसतोय.

रात्रपाळी | दुपारी १:३२

होतो. पण कोणती नदी, कितवा टर्न, आणि पुलाच्या पलीकडे शत्रू लागून आहे का? या वेळी पडद्याचा फोटोच टाका दादा.