बाहेरच्या ग्रिलवर पोटभर व्हीगन जेवण: सोपे पदार्थ सुचवावेत

प्रश्न (लेखन: अंगण_पंगत)

नमस्कार. आमच्याकडे झाकण असलेली, कोळशावर चालणारी मध्यम आकाराची ग्रिल आहे आणि सुट्टीच्या संध्याकाळी मित्रमंडळी जमली की बाहेरच भाजणे-खाणे होते. येणाऱ्यांपैकी काही जण पूर्णपणे व्हीगन आहेत, म्हणजे मांस आणि अंडी तर नाहीतच, पण दूध, लोणी, पनीर आणि मधही त्यांना चालत नाही. त्यांच्या ताटात मक्याचे कणीस आणि ढोबळी मिरचीच्या फोडी यांपलीकडे फारसे काही पडत नाही. हे तोंडीलावणे झाले, जेवण नव्हे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ज्यांत पुरेशी प्रथिने आहेत आणि जे खाऊन पोट भरेल, असे ग्रिलवरचे सोपे पदार्थ कोणते? टोफू जाळीला चिकटून तुटतो आणि फ्लॉवर किंवा बटाटा बाहेरून करपून आत कच्चा राहतो, यावर उपाय काय? आणि त्याच ग्रिलवर इतरांसाठी मांसही भाजले जाणार असेल, तर व्हीगन पदार्थ वेगळे कसे राखावेत? स्वयंपाकघरात आधी दोन तास राबून मग बाहेर यायचे असेल तर ग्रिल पेटवण्यात अर्थ उरत नाही, म्हणून पूर्वतयारी थोडकीच असावी अशी अपेक्षा आहे.

प्रतिसाद (लेखन: मंद_निखारा)

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चिकटणे आणि करपणे यांचे कारण लक्षात आले की पदार्थ निवडणेही सोपे जाते. मांस भाजताना त्याची स्वतःची चरबी वितळते. भाज्यांमध्ये चरबी जवळजवळ नसते आणि पाणी मात्र भरपूर असते. झुकिनी आणि मशरूम यांच्या वजनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही आणि ज्या क्रियेमुळे पदार्थाला खमंग तपकिरी रंग व वास येतो, ती साधारण १४० अंशांच्या पुढेच वेग घेते. म्हणजे ग्रिलवर व्हीगन पदार्थ करताना दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात: पाणी आधी कमी करणे आणि तेल बाहेरून देणे.

टोफूला हे तंतोतंत लागू पडते. मऊ, रेशमी टोफू ग्रिलसाठी निरुपयोगी आहे. सर्वांत घट्ट प्रकारचा घ्यावा. तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर जड पातेले ठेवले की अर्ध्या तासात बरेच पाणी निघून जाते आणि त्या वेळात आपण कोळसा पेटवू शकता, त्यामुळे याला वेगळी मेहनत म्हणता येणार नाही. याहूनही सोपा उपाय म्हणजे टोफू पाकिटासकट आदल्या दिवशी गोठवून ठेवावा आणि वितळल्यावर तळहातांमध्ये हलकेच दाबावा. गोठताना आत तयार झालेल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे त्याला बारीक छिद्रे पडतात, पाणी सहज पिळून निघते आणि चावताना तो जास्त घट्ट लागतो. नंतर त्याचे दीड ते दोन सेंटीमीटर जाडीचे मोठे काप करावेत, कारण लहान चौकोनी तुकडे जाळीवर उलटताना हमखास तुटतात किंवा खाली निखाऱ्यांत पडतात.

आता चिकटण्याविषयी. जाळी आधी चांगली तापवून तारेच्या ब्रशने घासावी, काही तुटलेली तार जाळीत अडकली नाही ना हे पाहावे आणि तेल जाळीपेक्षा टोफूच्या कापांना लावावे. काप ठेवल्यानंतर चार-पाच मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. खालच्या बाजूला कवच तयार झाले की तो बराचसा आपोआप सुटतो. उलथणे घालूनही सुटत नसेल तर तो अजून तयार झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक लोक घाईमुळे टोफू तोडतात आणि दोष मात्र जाळीला देतात.

फ्लॉवर आणि बटाटा बाहेरून करपतात, कारण त्यांना एकाच प्रकारची आच मिळते. कोळशांवर करडी राख धरली की (याला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात) ते सगळे ग्रिलच्या एका बाजूला सरकवावेत आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. निखाऱ्यांवरची बाजू रंग आणण्यासाठी आणि रिकामी बाजू, झाकण लावून, आतपर्यंत शिजवण्यासाठी वापरायची. झाकण लावलेल्या ग्रिलमध्ये गरम हवा सर्व बाजूंनी फिरते व ती ओव्हनचेच काम करते. आपल्याकडे झाकण आहे, ही मोठी सोय आहे. फ्लॉवरचे देठासकट अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचे काप करावेत, म्हणजे तुरे सुटे होत नाहीत. प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटे थेट आचेवर भाजून मग ते रिकाम्या बाजूला झाकणाखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. बटाट्याला मात्र मी सरळ आधी उकळत्या मिठाच्या पाण्याचा रस्ता दाखवतो. सुरी किंचित अडत आत जाईल इतपतच उकडावा, काप करून कोरडा होऊ द्यावा आणि तेल लावून जाळीवर ठेवावा.

वांग्याला यांतले काहीच लागत नाही. काट्याने चार ठिकाणी टोचून (न टोचल्यास आतल्या वाफेने ते फुटू शकते) अख्खे वांगे निखाऱ्यांवर ठेवावे आणि साल काळी पडून ते पूर्ण बसेपर्यंत फिरवत राहावे. आतल्या गरात तिळाची पेस्ट, लिंबाचा रस, लसूण आणि मीठ घातले की पावावर घेण्यासाठी उत्तम पदार्थ तयार होतो. माझ्या मते धुराच्या वासाचा खरा लाभ कोणत्याही भाजीपेक्षा वांग्यालाच होतो.

प्रतिसाद (लेखन: कडधान्यप्रेमी)

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण मूळ प्रश्न पोट भरण्याचा होता आणि फ्लॉवर व वांगे कितीही खमंग झाले तरी त्यांतून प्रथिने नगण्यच मिळतात. टोफूखेरीज दोन पर्याय मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला टेम्पे. हा अख्ख्या सोयाबीनचा आंबवलेला घट्ट ठोकळा असतो. आंबवणाऱ्या बुरशीच्या तंतूंनी दाणे एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे तो जाळीवर टोफूइतका सहज तुटत नाही. १०० ग्रॅममध्ये साधारण १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात, तर तेवढ्याच शिजवलेल्या काबुली चण्यांमध्ये सुमारे ९ ग्रॅम असतात. त्याची किंचित कडवट चव काहींना आवडत नाही. दहा मिनिटे वाफवून घेतला की ती सौम्य होते. मग पातळ काप, तेल, सोया सॉस, लसूण आणि दोन्ही बाजूंना मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे, एवढेच.

दुसरा पर्याय कडधान्यांच्या टिक्क्यांचा. यात लोक नेहमी एकच गोष्ट विसरतात, ती म्हणजे ओलसरपणा. काबुली चणे किंवा राजमा शिजवून, निथळून, फडक्यावर पूर्ण कोरडे करून मगच ठेचावेत, आणि पीठ करण्याऐवजी भरड ठेवावेत. बांधणीसाठी अंड्याच्या जागी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घ्यावी. ती चिकट होते आणि टिक्की धरून ठेवते. सोबत ओट्स किंवा पावाचा चुरा घालावा, टिक्क्या दोन सेंटीमीटरहून जाड करू नयेत आणि निदान तासभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गार टिक्की जाळीवर आकार टिकवते, ताजी वळलेली टिक्की मात्र पहिल्यांदा उलटतानाच मोडते. एवढी काळजी घेऊनही धाकधूक वाटत असेल तर ग्रिलवर बिडाचा तवा तापवून त्यावर भाजाव्यात. झाकण लावले तर थोडा धुरकट वास तव्यावरही लागतो. राजमा सुका आणत असाल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळत पूर्ण शिजवणे आवश्यक आहे, कारण कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील एका विषारी घटकाने उलट्या-जुलाबांचा जोरदार त्रास होतो. हे काम ग्रिलवर सोपवू नये. पूर्वतयारी वाचवायची असेल तर डब्यातले शिजवलेले दाणे निथळून वापरावेत.

मॅरिनेडबाबत माझे मत जरा वेगळे आहे. टोफू रात्रभर मसाल्यात मुरवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण मिठाखेरीज बहुतेक स्वाद पृष्ठभागाच्या फार आत शिरत नाहीत. त्यातच साखर किंवा गोड सॉस असेल तर आतला भाग तापण्याआधी बाहेरचा थर काळा आणि कडू होतो. मी आधी फक्त मीठ, तेल आणि कोरडे मसाले लावतो आणि गोडसर सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ब्रशने लावतो. चव जास्त चांगली लागते आणि जाळी घासण्याचा त्रासही वाचतो.

प्रतिसाद (लेखन: मंद_निखारा)

साखरेबाबत पूर्ण सहमत आहे. मात्र गोठवून पिळलेल्या टोफूला हा नियम तितकासा लागू होत नाही, कारण त्याच्या छिद्रांमध्ये पातळ मॅरिनेड खरोखर शिरते. तिथे अर्धा तास मुरवणेही पुरते. फक्त मॅरिनेड तेलकट न ठेवता सोया सॉस आणि लिंबाच्या रसाचे ठेवावे व तेल भाजण्याच्या वेळी लावावे.

पूरक प्रश्न (लेखन: अंगण_पंगत)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टेम्पे आणि चण्याच्या टिक्क्या नक्की करेन. दोन शंका उरतात. सळईवर भाज्या लावल्या की काही करपतात व काही कच्च्या राहतात, त्याचे काय करावे? आणि सामायिक जाळीचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. फॉइलमध्ये सगळे गुंडाळून ठेवले तर तो सुटेल का?

प्रतिसाद (लेखन: चिमटा_हाती)

सळईचा प्रश्न एका बदलाने सुटतो. एका सळईवर एकाच प्रकारची भाजी लावावी. रंगीबेरंगी सळई छायाचित्रात छान दिसते, पण चेरी टोमॅटो काही मिनिटांत फुटतो आणि कांद्याच्या जाड फोडीला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेलेच असते. वेगवेगळ्या सळया वेगवेगळ्या वेळी उतरवाव्यात आणि ताटात एकत्र कराव्यात. लाकडी काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, आणि तुकडे गरगर फिरत असतील तर दोन काड्या समांतर घालाव्यात. मशरूमची मात्र चिंता करू नये. त्यांच्या पेशींच्या भिंती ज्या घटकाच्या असतात तो उष्णतेने विरघळत नाही, म्हणून ते जास्त वेळ राहिले तरी इतर भाज्यांसारखे लगदा होत नाहीत.

फॉइलबद्दल सांगायचे तर पुडीत पदार्थ वाफेवर शिजतो, भाजला जात नाही, हे लक्षात घेऊन तिचा उपयोग करावा. शिजवलेले काबुली चणे, मक्याचे दाणे, झुकिनी, कांदा, थोडे तेल, जिरे आणि मीठ यांची पुडी झाकणाखाली वीस मिनिटांत तयार होते. ती आधीच गरम पाण्यात भिजवून फुलवलेल्या कुसकुसवर किंवा भातावर उलटली की पूर्ण जेवण झाले. टोमॅटो किंवा लिंबू घालणार असाल तर आत बेकिंग पेपरचा थर द्यावा, कारण आम्लाचा ॲल्युमिनियमवर परिणाम होतो आणि पदार्थाला धातूची चव येऊ शकते.

सामायिक ग्रिलसाठी पुडी हा एक मार्ग आहे, पण एकमेव नाही. सर्वांत सोपे म्हणजे घासलेल्या स्वच्छ जाळीवर आधी सगळे व्हीगन पदार्थ भाजून घ्यावेत आणि मांस नंतर ठेवावे. टेम्पे, टिक्की आणि भाज्या कोमटही चांगल्या लागतात, मांसाचे तसे नसते, म्हणून हा क्रम चवीच्या दृष्टीनेही योग्य आहे. एकाच वेळी भाजणे अपरिहार्य असेल तर भाज्यांसाठी छिद्रांची वेगळी थाळी किंवा बिडाचा तवा ठेवावा, आणि तो मांसाच्या शेजारी असला तरी त्याच्या खाली कधीही नसावा. चिमटे, ब्रश आणि ताटे मात्र दोन जोड हवीतच. कच्च्या मांसाला लागलेला चिमटा टोफूला लागणे हा तत्त्वाइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे. आणि आपल्या पाहुण्यांना एक जाळी चालते की नाही, हे आधी सरळ विचारावे. काहींना क्रम पुरेसा वाटतो, काहींना वेगळी जाळीच हवी असते, आणि दोन्ही भूमिका रास्त आहेत.

खरी फसगत जाळीपेक्षा बाटल्यांमध्ये होते. तयार बार्बेक्यू सॉसमध्ये अनेकदा मध असतो, वूस्टरशायर सॉसमध्ये परंपरेने अँचोव्ही नावाचे मासे असतात, नेहमीच्या मेयोनेझमध्ये अंडे असते, बर्गरच्या पावात दूध किंवा लोणी असू शकते आणि ‘शाकाहारी’ लिहिलेल्या गोठवलेल्या टिक्क्यांमध्ये अंड्याचा पांढरा भाग बांधणीसाठी घातलेला असू शकतो. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी प्रत्येक वेळी वाचावी.

प्रतिसाद (लेखन: कडधान्यप्रेमी)

क्रमाविषयी थोडी भर घालतो. कोळसा सर्वांत तापलेला असतो तेव्हा अख्खी वांगी आणि ढोबळी मिरची ठेवावी, कारण त्यांची साल काळी व्हायलाच हवी. मिरची उतरवून झाकलेल्या भांड्यात दहा मिनिटे ठेवली की साल सहज सुटते. आच मध्यम झाली की टोफू, टेम्पे आणि टिक्क्या. आणि उतरत्या निखाऱ्यांवर शेवटी अननसाचे काप किंवा अर्धे चिरलेले पीच. फळांना तेलाचा हलका हात लावून प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे भाजली की त्यांतली साखर तपकिरी होते आणि वेगळे गोड करण्याची गरज राहत नाही. रताळी मात्र सुरुवातीलाच फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यांच्या कडेला ठेवून द्यावीत. मध्यम आकाराच्या रताळ्याला पाऊण तास ते तासभर लागतो आणि मध्ये एक-दोनदा फिरवण्यापलीकडे त्यांच्याकडे पाहावे लागत नाही.

पाऊस आला म्हणून पेटती ग्रिल गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त व्हरांड्यात कधीही आणू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग आणि वास नसतो, त्यामुळे धोका कळण्याआधीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो. अशा वेळी झाकण लावून हवेची छिद्रे बंद करावीत, ग्रिल बाहेरच विझू द्यावी आणि उरलेल्या टिक्क्या घरातल्या तव्यावर भाजाव्यात.