मदत हवी आहे: मारुती झेनमध्ये एस्टीमचं इंजिन, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) स्थिर राहत नाही
वडिलांच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या झेनमध्ये एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं) इंजिन बसवलंय, वायरिंग आणि ईसीएमसकट (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). थंड असताना छान चालते. गरम झाली की आयडल ८०० ते १६०० आरपीएममध्ये वरखाली होतं, सिग्नलला कधी बंदच पडते. थ्रॉटल बॉडी आणि आयएसी व्हॉल्व्ह (आयडलची हवा कमी-जास्त करणारा) साफ केलाय. मॅनिफोल्ड गॅस्केटवर (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपच्या जोडावर) कार्ब क्लीनर मारला, आरपीएम हलला नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नसावी. हेडलाइट लावले की मात्र त्रास वाढतो. इंजिन चालू असताना ईसीएमची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ०.४ व्होल्ट येतायत, ०.१ च्या आत हवेत ना? मेकॅनिक थेट ईसीएम बदला म्हणतोय, मला घाई वाटते. आधी अर्थिंग नवी करू की कूलंट सेन्सर तपासू? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा, गाडी मोडीत काढायची नाहीये.